‘इन्सेल’ हा शब्द एका मुलीने काढला, हे माहीत होतं का?

मोडीवाला: परवा ऑफिसात एका बुजऱ्या पोराला कुणीतरी ‘इन्सेल’ म्हणालं आणि सगळे खिदळले. १९९७ साली कॅनडात विद्यापीठात शिकणाऱ्या अलाना नावाच्या मुलीने ‘इन्व्हॉलंटरी सेलिबसी’ (म्हणजे अनैच्छिक ब्रह्मचर्य) नावाने संकेतस्थळ काढलं. जोडीदार हवाय पण मिळत नाही, अशा कुणासाठीही. बाई असो की पुरुष. लघुरूप आधी ‘इन्व्हसेल’ होतं, जीभ अडखळते म्हणून ‘इन्सेल’ झालं. पुढे ती त्यातून बाहेर पडली आणि शब्द बायकांचा द्वेष करणाऱ्या भलत्याच पुरुषांच्या हाती गेला. तो परत मिळवायला हवा, असं माझं मत.

खडूस_काकू: मिळवून काय लोणचं घालणार? २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात आयला व्हिस्टाला एकाने सहा जणांना मारलं, बायकांनी नाकारल्याचा सूड म्हणून. २०१८ ला टोरांटोत एकाने ‘इन्सेल बंड सुरू झालंय’ असं फेसबुकवर टाकलं आणि फुटपाथवरच्या माणसांवर व्हॅन घातली. आता कुठली बाई हा शब्द ऐकून “बिचारा एकटा आहे” म्हणेल?

घाटावरचा: मला तर मूळ शब्दच खटकतो. ब्रह्मचर्य हे व्रत, ते अनैच्छिक कसं? एकदा ‘माझ्यावर लादलंय’ म्हटलं की माणूस लादणाऱ्याला शोधायला निघतोच.

मोडीवाला: सगळेच निघत नाहीत हो. २००१ साली जॉर्जिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा ८२ जणांचा अभ्यास छापला. त्यात जोडीदार असलेलेही होते! एकाच घरात राहून वर्षानुवर्षं स्पर्श नाही. त्यांच्या दुखण्याला नाव नको?

खडूस_काकू: दुखणं खरंच आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाला मुलगी मिळत नसलेली पोरं नवरदेव बनून, घोड्यावर बसून, वाजतगाजत कलेक्टर कचेरीवर गेली. गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा म्हणाली. बोट मुलींकडे नाही, मुली पोटात मारणाऱ्यांकडे. त्यांना नाही लागला तुमचा शब्द.

घाटावरचा: काकू, ‘बायको मिळवून द्या’ हीही मागणी होतीच. बायको म्हणजे काय रेशनचा गहू?

खडूस_काकू: तेवढं मान्य. 😄

मोडीवाला: खुद्द अलानानेही २०१८ ला ‘लव्ह नॉट अँगर’ या नावाने नवं काम सुरू केलं. म्हणजे जुना शब्द तिनेच सोडला म्हणायचा. पण मग ऑफिसातल्या त्या पोराला काय म्हणायचं?

खडूस_काकू: तो डबा कुणाबरोबर खातो?

मोडीवाला: एकटाच. खिडकीपाशी.