नऊ महिन्यांच्या बाळाला जीवनसत्त्वे आणि खनिजे पुरेशी मिळत आहेत, हे कसे ओळखावे?

प्रश्न

नमस्कार. माझ्या मुलीला नुकतेच नऊ महिने पूर्ण झाले. ती पूर्ण दिवसांची जन्मली, जन्माच्या वेळी तिचे वजन ३ किलो होते आणि आता ते ८ किलो आहे. दिवसरात्र मिळून सहा-सात वेळा ती अंगावर पिते. वरचे अन्न सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरू केले. परंतु ते अजूनही फळांचा गर, शिजवलेल्या गाजराचा लगदा आणि पातळ भात एवढ्यावरच अडले आहे, आणि तेही दोन-तीन चमच्यांपुढे जात नाही. 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब जन्मापासून देत होते. सातव्या महिन्यात बाटली संपली आणि नवी आणायची राहून गेली.

घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे की, एखादे चांगले मल्टिव्हिटॅमिन सिरप सुरू करावे म्हणजे काळजी मिटेल. एक बाटली घरी आणलीही आहे. तिच्यावरील यादीत बरीच जीवनसत्त्वे आहेत, जस्त आहे, परंतु लोहाचा उल्लेख नाही. एवढ्या सगळ्या नावांपैकी या वयात खरोखर कशाची उणीव पडते आणि कशाची काळजी करण्याचे कारण नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. आणखी दोन शंका आहेत. पहिली म्हणजे, वर्षाच्या आत बाळाला मीठ देऊ नये असे सांगतात. मग आयोडीन कोठून मिळते? दुसरी म्हणजे, गेल्या पंधरा दिवसांत तिचे तळहात आणि नाकाचा शेंडा पिवळसर दिसू लागला आहे. ही कावीळ तर नसेल?

पहिला प्रतिसाद

मी बालरोगतज्ज्ञ आहे. आधी पिवळेपणाविषयी सांगतो, कारण ती काळजी तुम्हाला आजच असणार. बाळाला खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात घ्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग नीट पाहा. तो स्वच्छ पांढरा असेल, लघवी फिकट असेल आणि शौचाचा रंग नेहमीसारखा असेल, तर हा गाजरातील कॅरोटीनचा रंग आहे. तो तळहात, तळपाय आणि नाकावर आधी दिसतो, त्याने अपाय होत नाही आणि गाजर कमी केल्यावर काही आठवड्यांत तो फिका पडतो. डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर 'लोह' असे आहे, आणि नेमके तेच तुमच्या बाटलीत नाही. पूर्ण दिवसांचे बाळ आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येते. हा साठा मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरतो आणि जन्मानंतर नाळ किमान एक मिनिट थांबून कापली, तर त्यात आणखी भर पडते. हा साठा साधारण चार ते सहा महिने पुरतो. त्या काळात बाळाचे वजन जवळजवळ दुप्पट होते, रक्ताचे प्रमाण त्याबरोबर वाढते आणि साठा संपत येतो. आईच्या दुधातील लोह उत्तम पचते, परंतु ते एका लिटरमध्ये अर्धा मिलिग्रॅमही नसते. बाळ दिवसाला ६०० मिलिलिटर दूध पीत असेल, तर त्यातून सुमारे ०.२ मिलिग्रॅम लोह मिळते. याउलट ७ ते १२ महिन्यांच्या बाळासाठी अमेरिकेतील शिफारस दिवसाला ११ मिलिग्रॅमची आहे. अन्नातील लोहाचा जेमतेम दहावा भाग शरीरात शोषला जाईल असे गृहीत धरून हा आकडा काढलेला आहे, हे खरे. तरीही ही तफावत दुधाने भरून निघणारी नाही. ती वरच्या अन्नानेच भरावी लागते आणि तुमच्या मुलीच्या सध्याच्या अन्नात लोह जवळजवळ नाहीच. यात आईच्या दुधाला कमी लेखण्याचा हेतू नाही; ते दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही अवश्य चालू ठेवावे. परंतु याच महिन्यांत मेंदूची वाढ अतिशय वेगाने होत असते, आणि लोहाच्या दीर्घकाळच्या कमतरतेचे तिच्यावर झालेले परिणाम नंतर औषध देऊनही पूर्णपणे पुसले जातील याची खात्री नसते. म्हणूनच मी इतके आग्रहाने लिहीत आहे.

दुसरे स्थान 'ड' जीवनसत्त्वाचे. आईच्या दुधात ते फार थोडे असते, त्यामुळे पहिल्या वर्षभर दिवसाला ४०० आंतरराष्ट्रीय एकके, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, थेंबांतून द्यावीत. बाटली आजच आणा. राहून गेलेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम जास्त थेंब देऊ नका. या जीवनसत्त्वाच्या अभावाने मुडदूस होतो, तर अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा पोहोचते.

आयोडीन तिला तुमच्याकडूनच मिळते. अंगावर पाजणाऱ्या आईने दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा तुमच्या स्वतःच्या जेवणातील मीठ आयोडीनयुक्त आहे ना, एवढे पाहा. बाळाच्या वाटीत मीठ घालण्याची गरज नाही.

एक गोष्ट सल्ला म्हणून नव्हे, तर आवश्यक म्हणून सांगतो. पुढच्या भेटीत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) या दोन तपासण्या करून घ्या. ताप किंवा सर्दी असताना फेरिटिन तपासू नये, कारण संसर्गात ते वाढते आणि साठा रिकामा असूनही भरलेला भासतो.

दुसरा प्रतिसाद

माझा अनुभव पुढच्या वयाचा आहे, परंतु तुम्हाला आताच उपयोगी पडेल म्हणून लिहिते. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना गुटगुटीत दिसत असे. जेवणाला नकार देत असे, पण दूध मात्र मागेल तेव्हा पीत असे, आणि 'दूध पितो आहे ना' या समाधानात आम्ही राहिलो. एके दिवशी मी बाटल्या मोजल्या, तेव्हा दिवसाचे गायीचे दूध सव्वा लिटर भरले. पुढे तो कुंडीतील माती बोटाने उकरून खाऊ लागला. मी त्याला रागावले, हात धुतले, कुंडी उचलून वर ठेवली. हे शरीरातील लोह कमी झाल्याचे लक्षण असू शकते, हे माझ्या मनातही आले नाही. लसीकरणाच्या वेळी परिचारिकेने त्याच्या खालच्या पापणीची आतली कड ओढून पाहिली. ती गुलाबी दिसायला हवी, ती कागदासारखी होती. हिमोग्लोबिन ७.८ निघाले.

गायीच्या दुधात लोह अगदी नगण्य असते, त्यातील कॅल्शियम दुसऱ्या अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते आणि पोट दुधानेच भरल्यामुळे भूक राहत नाही, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. वर्षाच्या आतील काही बाळांच्या आतड्यातून या दुधामुळे डोळ्यांना न दिसणारा रक्तस्रावही होतो. म्हणूनच त्या वयात ते मुख्य पेय म्हणून देत नाहीत. आम्ही बाटली बंद केली, दूध पेल्यातून आणि दिवसाला ४०० मिलिलिटरवर आणले. पहिले चार-पाच दिवस फार रडारडीचे गेले. त्यानंतर तो जेवायला बसू लागला. लोहाचे औषध सुरू केल्यावर चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.२ झाले, आणि ते पूर्ववत झाल्यावरही साठा भरण्यासाठी औषध आणखी तीन महिने चालू ठेवावे लागले. तुमच्या मुलीचे वर्ष पूर्ण झाल्यावर दूध किती द्यायचे, हे आजच ठरवून ठेवा, ही कळकळीची विनंती.

तिसरा प्रतिसाद

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. प्रश्नातील 'पातळ' हा शब्द मला सर्वात जास्त खटकला. या वयात बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत पाव लिटरच्या आतच मावते. तेवढ्या जागेत पाणीच भरले तर पोषणाला जागा उरत नाही. चमचा तिरका केला तरी अन्न चटकन ओघळू नये, इतके ते दाट असावे.

शिजवलेल्या मसुराच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३.३ मिलिग्रॅम लोह असते. तीन चमचे दाट मसूर मोडून दिले, तर मिलिग्रॅमभर लोह पोटात जाते. धान्य-डाळींतील लोह मांसाहारातील लोहाइतके सहज शोषले जात नाही, परंतु त्याच घासाबरोबर 'क' जीवनसत्त्व मिळाले तर शोषण बरेच वाढते. म्हणून फळ वेगळ्या वेळी न देता जेवणाबरोबरच द्या: मसुरात लिंबाचे चार थेंब पिळा, नाहीतर शेवटी संत्र्याच्या दोन सोललेल्या फोडी बारीक करून भरवा. डाळी भिजवून, मोड आणून शिजवल्या तर त्यातील फायटेट, म्हणजे लोहाच्या शोषणात अडथळा आणणारा घटक, कमी होतो. पालकाची ख्याती मोठी असली, तरी त्यातील लोह फारच थोडे पचते; त्यावर विसंबू नका. तुम्ही मांसाहार करत असाल तर अंडे, मासे आणि मऊ शिजवून बारीक केलेले मांस आताही देता येते, आणि त्यातून जस्तही मिळते. आईच्या दुधातील जस्तही सहा महिन्यांनंतर अपुरे पडू लागते. यकृत मात्र आठवड्यातून एकदाच आणि थोडे द्यावे, कारण त्यात 'अ' जीवनसत्त्व अतिशय असते. गाजर बंद करू नका, कमी करा आणि त्यात अर्धा चमचा तेल किंवा लोणी घाला. कॅरोटीन स्निग्ध पदार्थाशिवाय नीट शोषले जात नाही.

घरात लोहयुक्त तयार धान्यपीठ मिळत असेल, तर ते वापरण्यात कसलाही कमीपणा मानू नये.

चौथा प्रतिसाद

एक मुद्दा राहिला आहे. तुम्ही स्वतः मांस, मासे, अंडी आणि दूध यांपैकी काहीच घेत नसाल, तर बी-१२ तपासून घ्या, तुमचेही आणि बाळाचेही. आईमध्ये ते कमी असेल तर दुधातही कमी उतरते. अशी बाळे चार ते बारा महिन्यांच्या दरम्यान सुस्त होतात, बसायला शिकलेली पुन्हा कलंडू लागतात, हसणे कमी करतात. उपचाराला उशीर झाला तर मज्जासंस्थेची हानी कायमची राहू शकते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डोळे पांढरेशुभ्र आहेत, त्यामुळे ती चिंता मिटली. तपासणी झाली: हिमोग्लोबिन १०.१, फेरिटिन ८. मी दूध आणि अंडी घेते. बी-१२ दोघींचेही ठीक आहे. डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले आहेत. सिरप सुरू केलेले नाही. काल मोड आलेले मसूर लिंबू पिळून दिले. पहिला घास तिने तोंड वाकडे करून थुंकला आणि दुसऱ्यासाठी स्वतःच तोंड उघडले. थेंब कधी आणि कसे द्यावेत?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

६ ते २३ महिन्यांच्या बाळासाठी हिमोग्लोबिनची मर्यादा आता १०.५ धरतात आणि फेरिटिन १२ च्या खाली म्हणजे साठा संपलेला. तेव्हा औषध योग्यच आहे. दिवसातून एकदा, शक्यतो दोन खाण्यांच्या मधल्या वेळेत, थोड्या संत्र्याच्या रसातून द्या. वरच्या दुधात मिसळू नका. थेंब जिभेच्या मागच्या बाजूला, गालाच्या आत सोडा, म्हणजे दात काळवंडणार नाहीत. शौच काळसर होईल, त्याला घाबरू नका. बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम 'मूळ लोह' (संयुगाचे वजन नव्हे, तर त्यातील प्रत्यक्ष लोह) आहे ते वाचा आणि त्याच बाटलीचा ड्रॉपर वापरा. 'ड' जीवनसत्त्वाचा ड्रॉपर वेगळा ठेवा, कारण दोहोंवरील खुणा सारख्या नसतात. लोहाची बाटली उंचावर, कुलपात ठेवा. लहान मुलाने ती एकदम पिऊन टाकली तर जीवावर बेतू शकते, आणि तुमची मुलगी थोड्याच दिवसांत धरून उभी राहू लागेल. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा.