मे महिन्यात शाळा भरवा म्हणणाऱ्यांनी आधी वर्गावरचे पत्रे बघून यावं

खडू_फळा

आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर काल एका पालकाची पोस्ट फिरत होती. मजकूर असा: "दोन वर्षं मास्तर घरी बसून पगार घेत होते. पोरांना धड वाचता येत नाही आणि यांना २१ एप्रिललाच उन्हाळी सुट्टी! मे महिनाभर शाळा भरवा आणि कोविडचा हिशेब चुकता करा." खाली अंगठ्यांची रांग. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण रात्री झोप येईना.

मी झेडपीत आहे. द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. सुट्टी आम्ही मागितली नव्हती. उष्णतेची लाट म्हणून यंदा, २०२३ ला, सरकारने ती अलीकडे ओढली. गेल्या वर्षी, म्हणजे २०२२ ला, नेमकं उलटं पत्र निघालं होतं: एप्रिलभर पूर्ण वेळ शाळा, शनिवारी पण पूर्ण, रविवारी जमलं तर बघा. भरवली आम्ही. पटावर ४१, हजर १४. बाकीची पोरं मामाच्या गावाला गेली. पत्र्याच्या खोलीत दुपारी बारानंतर चौथीतल्या दोन मुलींना घेरी आली. त्या महिन्यात मी नवीन काय शिकवलं असेल, तर रुमाल ओला करून डोक्यावर कसा ठेवायचा ते.

दोन वर्षांची तूट एका महिन्यात भरते हे गणित कुठल्या इयत्तेचं? मागच्या इयत्तेच्या उजळणीचा तो सेतू अभ्यासक्रम विसरलात का? १ जुलै २०२१ पासून ४५ दिवस. शाळेला कुलूप, पीडीएफ मोबाइलवर, चाचण्याही मोबाइलवर. माझ्या वर्गात स्मार्टफोन सात घरांत होता आणि तोही बापाबरोबर कामाला जायचा. कागदोपत्री मात्र सगळी पोरं चाचणीला बसली. उन्हाळी वर्गांचं तेच होणार. फोटो काढा, लिंक भरा, अहवाल पाठवा.

मूल मागे पडलंय हे मला सांगायला नको, ते रोज माझ्यासमोर बसतं. यंदाची माझी तिसरी म्हणजे पहिलीचा वर्ग आतून न पाहिलेली पोरं. ती तूट जून ते एप्रिलमध्येच भरायची असते. मला ते दहा महिने फक्त वर्गात राहू द्या.

दोन_मुलांची_आई

ती पोस्ट माझी नाही. असती तरी मागे घेतली नसती.

माझा धाकटा चौथीत आहे. त्याच्या बाबांचा मेसेज आला, म्हटलं वाचून दाखव. तर म्हणतो, "त्यांना आवाजात पाठवायला सांग ना." मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की हा वर्षभर असंच चालवतोय. वर्गात शेजारचा वाचतो, हा मागून ओठ हलवतो. प्रगतिपुस्तकावर "ब-१".

सर, तुम्ही म्हणता पोरं मामाच्या गावाला गेली. माझ्या पोरांच्या मामाची दहा बाय बाराची खोली आहे, तिथे आधीच पाच माणसं. मे महिन्यात आम्ही दोघं कामावर आणि पोरं दिवसभर मोबाइलवर. सुट्टीत खेळावं, आंबे खावेत, आजीकडून गोष्टी ऐकाव्यात, हे सगळं ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल करावं.

मुलांच्या वाचन-गणिताची देशभर पाहणी करणाऱ्या 'असर'चा अहवाल जानेवारीत आला. दुसरीचा उतारा वाचता येणारी तिसरीतली मुलं देशात २०१८ ला २७.३ टक्के होती, २०२२ ला २०.५ राहिली. महिन्याभरात तूट भरत नाही, मान्य. मग महिनाभर काहीच न करून भरते का?

तिरकस

सर, १४ ते २० मार्च जुन्या पेन्शनसाठी शाळा बंद होत्या, तेव्हा पत्रा किती तापला होता?

खडू_फळा

आलात मूळ पदावर. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मी २००८ चा. साठीनंतर काय खायचं हे विचारायला सात दिवस रस्त्यावर उतरलो, तर तुमच्या पोटात दुखलं.

आणि "घरी बसून पगार" म्हणणाऱ्यांसाठी. २०२० च्या उन्हाळ्यात मी चेकपोस्टवर रात्रपाळी केली. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं, तेव्हा ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन दारोदार फिरलो. लोक दार लावून घ्यायचे आणि आतून ओरडायचे, "आमच्याकडे कुणाला काही नाही, पुढे जा." शेजारच्या शाळेवरचा माझा सोबती त्यातच गेला. त्याच्या बायकोचे विम्याचे कागद अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतायत. घरी बसून!

निवृत्त_केंद्रप्रमुख

गुरुजी, शांत व्हा. पण विषय काढलाच आहे तर बोलतो.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, एवढं सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. कागदावर हे इतकं स्वच्छ आहे. प्रत्यक्षात बीएलओ म्हणून मतदार यादी, शौचालयांची मोजणी, पोषण आहाराच्या तांदळाचं वजन, यू-डायस आणि सरल या ऑनलाइन नोंदी, आधार जुळवणी, शिवाय कुठल्याशा दिनाचे फोटो. मीच ही पत्रं खाली पाठवत होतो. वरून सकाळी अकराला यायचं, "आज दुपारी चारपर्यंत माहिती द्या." मी पुढे ढकलायचो. शिक्षक वर्ग सोडून नेटवर्क शोधत टेकडीवर चढायचा. त्या वर्गाचं काय झालं हे मला एकाही रकान्यात भरावं लागलं नाही.

आता तुम्हाला न आवडणारं. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास. ते भरल्याचा दाखला मी दर वर्षी घ्यायचो आणि दर वर्षी तो खोटा असायचा, कारण दिवस भरायचे, तास भरायचे नाहीत. आणि एक गोष्ट संघटना मोठ्याने बोलत नाहीत. दीर्घ सुट्टी असते म्हणून आपल्याला इतरांसारखी अर्जित रजा नाही, पण आदेशाने सुट्टीत काम केलं तर त्या बदल्यात रजा जमा होते. म्हणजे मे महिन्यात काम हा अन्याय नाही, तो व्यवहार आहे. लेखी आदेश मागा आणि सेवापुस्तकात नोंद करून घ्या.

तिरकस

एक साधा प्रश्न राहिलाच. झेडपीच्या किती गुरुजींची मुलं झेडपीत आहेत?

खडू_फळा

याचा विषयाशी संबंध काय?

तिरकस

उत्तर मिळालं.

दोन_मुलांची_आई

नाही, हे ऐकायचंय मला. संबंध कसा नाही? ज्याचं स्वतःचं पोर तिथे बसतं तो पत्रे बदलून घेतो.

खडू_फळा

माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. झालं समाधान? तिला माझ्याच वर्गात घ्यायचं मी ठरवलं होतं. घरातलं ते भांडण मी हरलो. बायको म्हणाली, "तुम्ही सर्व्हेला गेल्यावर तिला कोण शिकवणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

उन्हातला_माणूस

राजेहो, तुम्ही पेन्शनवरून शाळेवर याल तेव्हा सांगा. आमच्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ ला टेकते, म्हणून तर यंदा आमच्या शाळा ३० जूनला उघडणार आहेत. पुण्यात बसून "मे महिनाभर शाळा" म्हणणं सोपं आहे. बोअर आटलेली असते, पोरं पाणी प्यायला घरी जातात ते परत येत नाहीत. सकाळी सात ते नऊ म्हणाल तर एखाद्या वेळेस ऐकून घेईन. त्यापुढे एक मिनिट नाही.

वाडीवरची_ताई

तुमचं सगळ्यांचं भांडण वाचून झालं. आता माझं ऐका, कारण तुमच्या पटावरची मुलं आणि माझी मुलं वेगळी दिसतायत.

मी बीडकडची. आमची वाडी दिवाळीनंतर रिकामी होते. ऊसतोडीला कोयत्याबरोबर पोरंही जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची फडात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की परत. म्हणजे तुमची शाळा चालू असते तेव्हा ही पोरं नसतात आणि ही येतात तेव्हा शाळेला कुलूप असतं. गेल्या वर्षी तर ऊस इतका होता की गाळप जूनपर्यंत रेटलं. सर, तुम्ही म्हणता तूट जून ते एप्रिलमध्ये भरायची. आमच्या पोरांच्या वाट्याला जून ते दिवाळी येते आणि कोविडच्या दोन वर्षांत तीही गेली. या पोरांसाठी एप्रिल-मे ही सुट्टी नाही, उरलेली शाळा आहे.

२०२२ च्या एप्रिलमध्ये मी मारुतीच्या देवळात सभामंडपात वर्ग घेतला. सकाळी सात ते नऊ. इयत्ता विचारली नाही. अक्षरं ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे, परिच्छेद वाचणारे खांबापाशी. सहावीतला एक मुलगा अक्षरांच्या गटात बसला. पहिले तीन दिवस मान खाली. चौथ्या दिवशी लहान बहिणीला घेऊन आला, म्हणजे तिला सोडायला आलोय असं दाखवता येईल. सहा आठवड्यांत तो खांबापाशी पोचला. बावीसपैकी नऊ पोचले. बाकीचे नाही पोचले, तेही सांगते.

हे काही माझं डोकं नाही. बिहारमध्ये २००८ च्या जूनमध्ये 'प्रथम' या संस्थेने सरकारी शिक्षकांनाच घेऊन महिनाभर असे वर्ग घेतले आणि मोजले. मुलं खरंच पुढे गेली. त्याच पद्धतीचं नुसतं प्रशिक्षण देऊन शिक्षकांना वर्षभराच्या शाळेत सोडलं, तर काही हललं नाही. माणसं तीच. उन्हाळ्यात पुस्तक संपवायचा धाक नव्हता, एवढाच फरक. म्हणून म्हणते, तुमचं "दहा महिने वर्गात राहू द्या" हेही अर्धंच आहे. राहून तुम्ही धडेच पुरे करणार.

आकडेमोड

ताई, बिहार सांगितलंत तर जौनपूरही सांगा. उत्तर प्रदेशात २००६ च्या सुमारास गावोगाव असेच वाचन वर्ग झाले. जी मुलं आली ती शिकली, पण आली जेमतेम ८ टक्के. ज्यांना गरज होती त्यांतलीही बहुतेक आली नाहीत.

तमिळनाडूचंही बघा. 'इल्लम तेडी कल्वी', ऑक्टोबर २०२१ पासून, संध्याकाळी तास-दीड तास, गावातलेच स्वयंसेवक. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत तुटीतला सुमारे दोन तृतीयांश भाग भरून निघाला.

दोन_मुलांची_आई

बघा! जादा वर्गांनी भरून निघाला ना?

आकडेमोड

पूर्ण वाचा. त्या भरपाईतला साधारण चौथा हिस्सा जादा वर्गांचा. बाकीचं शाळा नीट उघड्या राहिल्यामुळे.

खडू_फळा

बघा! मी काय म्हणत होतो?

आकडेमोड

तुम्हीही पूर्ण वाचा, सर. चौथा हिस्सा म्हणजे काहीच नाही, असं होत नाही.

फेब्रुवारीची_परीक्षा

"गावातलेच स्वयंसेवक" वाचलं आणि डोकं फिरलं. तिकडे त्यांना महिना हजार रुपये दिले. मी डीएड. फेब्रुवारीत शिक्षकांची अभियोग्यता चाचणी दिली आणि भरतीची वाट बघत बसलोय. तुम्हाला पोरं शिकवायला माणूस हवाय, पण हजारात, आणि सेवाभावाने. एकदा हजारात माणूस मिळतो हे कळलं की कायमची जागा भरणार कोण? आणि वीस पटाखालच्या शाळा बंद करायच्या गोष्टी सुरूच आहेत. मग उन्हाळी वर्ग भरवायला शाळा तरी राहील का ते बघा.

वाडीवरची_ताई

दादा, मला हजारही मिळाले नाहीत. तुमचा राग खरा आहे, फक्त तो माझ्यावर काढू नका.

फेब्रुवारीची_परीक्षा

तुमच्यावर नाही काढत, ताई. पण तुम्ही फुकट केलंत ना, त्याचाच दाखला उद्या आम्हाला दाखवतील.

खडू_फळा

दोन दिवस इथे काही लिहिलं नाही. ताईंचं दिवाळीपर्यंतचं गणित डोक्यातून जाईना. माझ्याही पटावर तशी सहा आहेत. ऑनलाइन हजेरीत ती वर्षभर "हजर" असतात, कारण गैरहजर दाखवली की आधी मलाच विचारणा. आताच चौकशी केली, सहाही गावात आलीत.

मे महिनाभर सक्तीची शाळा, याला माझा विरोध होता आणि आहे. पण मी सकाळी सात ते नऊ खोली उघडतो. ज्यांना वाचता येत नाही तेवढीच येतील. कुठलीही लिंक भरणार नाही, फोटो काढणार नाही. आणि "हे आधीच करायला हवं होतं" असं पहिल्या दिवशी जो म्हणेल, त्याच्या हातात खडू देऊन मी घरी जाईन.

निवृत्त_केंद्रप्रमुख

गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आधी घ्या. एखादा पत्रा उडाला तर "कुणाच्या आदेशाने उघडली होती?" हाच पहिला प्रश्न येईल. आणि पोषण आहाराचं विचारून ठेवा. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही आहार द्या, असं सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सांगितलंय. खिचडी शिजली तर जौनपूरचे ८ टक्के होणार नाहीत.

तिरकस

फोटो नाही, लिंक नाही. मग वर्ग झाला हे आम्हाला कळणार कसं?

खडू_फळा

या की. पावणेसातला या. बोअर बंद आहे, पाणी खालच्या आळीतून आणावं लागतं. कळशी उचलायला एक माणूस कमी पडतोय.