'गोपनीयता' की 'खासगीपणा'?

इतिवृत्तवाली : सोसायटीच्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या सीसीटीव्हीवरून जुंपली. त्यात एका घराचं दार, उंबरठा, चपला, सगळं दिसतं. मी इतिवृत्तात लिहिलं, 'सभासदाच्या गोपनीयतेचा भंग होतो.' एक काका म्हणाले, "गोपनीय काय आहे एवढं? लपवायचं नसेल तर भीती कसली?" मला वाटतं, काकांना हा प्रश्न माझ्याच शब्दाने सुचवला. 'प्रायव्हसी'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

निवृत्त हेडक्लार्क : गोपनीय म्हणजे सीलबंद लिफाफा. आमचे 'गोपनीय अहवाल' साहेबांच्या कपाटात असत. मंत्री गोपनीयतेची शपथ घेतात तीही सरकारी गुपित न फोडण्याची. उंबरठ्यावर कसलं गुपित? पण मोबाइलवर प्रत्येक ॲपचं 'गोपनीयता धोरण' येतं, आणि आत आपली माहिती कुणाकुणाला देणार त्याची यादी!

संस्कृतप्रेमी : थांबा. 'गुप्' धातूचा अर्थ राखणे, जपणे असाही आहे. गोप म्हणजे राखणारा. तेव्हा गोपनीय म्हणजे 'जपण्याजोगं'. शब्द बिचारा निर्दोष आहे.

निवृत्त हेडक्लार्क : असेल. काकांना सभेत धातू सांगून बघा.

वकीलवाडी : काकांना खरकसिंगची गोष्ट सांगा. उत्तर प्रदेशातला माणूस, दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेला. तरी पोलीस रात्री-अपरात्री दार ठोठावून तो घरी आहे का बघायचे. झोपलेला माणूस काय लपवतो? 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रात्रीची फेरी रद्द केली, पण प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचं बहुमताने नाकारलं. तो हक्क स्पष्टपणे मिळाला 24 ऑगस्ट 2017 ला, पुट्टस्वामी खटल्यात. नऊ न्यायाधीश, निकाल एकमताने. वाद सुरू झाला होता आधारवरून.

नागपूरकर : हिंदी वर्तमानपत्रांनी तेव्हा 'निजता' लिहिलं. मराठीत तो शब्द वाचला की माणूस आडवा झाल्यासारखा वाटतो. खरकसिंगला मात्र चपखल!

बखरवेडा : माझं मत 'खासगीपणा'. (खाजगी लिहिणाऱ्यांशी नंतर भांडू.) मूळ अरबी 'खास'. पेशवाईत 'खासगी' म्हणजे धन्याच्या घरचा कारभार, त्यावरूनच पुण्यातलं खासगीवाले हे आडनाव. होळकरांकडे दौलतीचा हिशेब वेगळा, खासगीचा वेगळा, आणि खासगी राणीच्या हाती. तेव्हा खासगी धन्याची असे, आता रयत मागतेय. अडचण एवढीच की आज हा शब्द शाळा, बस, दवाखान्याला चिकटलाय. 'खासगी कंपनीने खासगी माहिती विकली' हे वाक्य म्हणून बघा.

आरटीआयवाला : मग 'वैयक्तिक' म्हणा, असं कुणी सुचवण्याआधीच सांगतो, नको. माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(j) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारायला अटी होत्या : तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा किंवा कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण घुसखोरी होत असावी, आणि व्यापक जनहितही नसावं. 2023 च्या डिजिटल डेटा कायद्याच्या कलम 44(3) ने त्या पुसल्या आणि नुसती 'वैयक्तिक माहिती' ठेवली. कलम 8(2) मधली जनहिताची वाट आहे, पण आता ती अर्जदाराने शोधायची. रस्त्याच्या ठेकेदाराचं बिलसुद्धा कुणाचं तरी वैयक्तिकच की!

नागपूरकर : आणि डेटाला 'विदा' म्हणू नका. इकडे विदा म्हणजे पाठवणी, लोक डोळे पुसतील.

चाळीतली : आम्ही दहा बाय दहाच्या खोलीत वाढलो. प्रायव्हसी नव्हती, पण कपडे बदलताना आई साडीचा 'आडोसा' करायची. तो शब्द का नको? आडोशामागे गुपित नसतं.

वकीलवाडी : कायद्यात नाही बसणार. आडोशाचा हक्क म्हटलं तर न्यायाधीश शेड बांधून देतील.

इतिवृत्तवाली : कोर्टासाठी 'खासगीपणा' ठेवते. इतिवृत्तात मात्र लिहिलं, 'कॅमेऱ्यामुळे घराचा आडोसा जातो, तो जिन्याकडे वळवावा.' काकांनी वाचलं आणि सही केली. आता शिडी कुणी आणायची, यावर पुढची सभा.