बांबू शार्कला मराठीत काय म्हणावे?

विचारणा
उबदार, उथळ किनारी समुद्रांतल्या लहान शार्कांच्या एका कुळावर लिहिते आहे. शास्त्रीय नाव हेमिसिलिडी. त्यात दोन गट: कायलोसिलियम, म्हणजे बांबू शार्क, आणि हेमिसिलियम, ज्यांना इंग्रजीत चालणारे शार्क म्हणतात. मसुदा वाचणाऱ्यांपैकी एकाने 'वेळूमासा' सुचवले, दुसऱ्याने 'मांजरमुशी', तिसऱ्याने चक्क 'छोटा देवमासा'. यातले काय ठेवू? आणि शार्क 'तो' की 'ती'?

प्रतिसाद
देवमासा आधी बाद करा. देवमासा म्हणजे व्हेल. तो सस्तन प्राणी, फुप्फुसाने श्वास घेणारा. शार्क हा कास्थिमत्स्य: सांगाडा कूर्चेचा, श्वास कल्ल्यांनी.

शार्कसाठी 'मुशी' हा शब्द आपल्याकडे आहे आणि कोकण किनाऱ्यावर आजही बोलला जातो. मोरीही चालतो, पण मोरी म्हटले की किनाऱ्यापासून दूरच्या वाचकाला न्हाणीघर आठवते, म्हणून लेखनात मुशी बरा. तो स्त्रीलिंगी: ती मुशी, त्या मुश्या, मुशीचे पिल्लू. शार्क लिहाल तर सर्रास पुल्लिंगी वापरतात. दोन्ही शब्द एका परिच्छेदात आले की क्रियापदे हेलकावे खातात. एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

'वेळू' नको, 'बांबू'च ठेवा. वेळू, कळक हे चांगले शब्द आहेत, पण बांबू आता परका राहिलेला नाही. शिवाय नाव पटते ते पिल्लू पाहिल्यावर. बऱ्याच जातींच्या पिल्लांच्या अंगावर गडद आडवे पट्टे असतात, थेट बांबूच्या पेरांसारखे. वाढ होताना ते फिके पडतात. तपकिरी पट्ट्यांची म्हणून ओळखली जाणारी जात मोठेपणी जवळजवळ एकरंगी तपकिरी दिसते. लेखात हे जरूर सांगा, नाहीतर मोठ्या मुशीचा फोटो पाहून वाचक बांबू शोधत बसेल.

मांजरमुशीबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल. शोभेचे मासे पाळणारे बांबू शार्कला सर्रास कॅट शार्क म्हणतात, घोळ तिथून सुरू होतो. खरे कॅट शार्क वेगळ्या गणातले (गण म्हणजे अनेक कुळांचा मोठा गट). ओळखायची खूण तोंडाशी आहे. बांबू मुशीचे तोंड डोळ्यांच्या पुष्कळ पुढे, जवळजवळ मुस्कटाच्या टोकाशी असते, नाकपुड्यांपाशी दोन आखूड मिशा असतात, आणि शेपटी धडाच्या मानाने खूपच लांब. कॅट शार्कचे तोंड मागे, डोळ्यांच्या खाली येते. उलट, जगातला सर्वांत मोठा मासा, म्हणजे व्हेल शार्क, बांबू मुशीच्याच गणातला. एकीकडे बारा मीटरच्याही पुढे जाणारा तो आणि दुसरीकडे बहुधा मीटरभरही न वाढणाऱ्या या मुश्या. नाते दिसण्यावरून ठरवू नये ते यासाठी.

विचारणा
'बांबू मुशी' पटले. पण दुसऱ्या गटाला 'चालणारी मुशी' म्हणू ना?

प्रतिसाद
मी 'रांगती मुशी' म्हणेन.

हे मासे न्यू गिनी, पूर्व इंडोनेशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आसपास राहतात. त्यातला सर्वांत अभ्यासलेला एपॉलेट शार्क. त्याच्या वक्षपरांमागे, म्हणजे छातीजवळच्या पोहण्याच्या परांमागे, दोन्ही बाजूंना पांढऱ्या कडेचा मोठा काळा ठिपका असतो, सैनिकी गणवेशाच्या खांद्यावरच्या बिल्ल्यासारखा, नाव त्यावरून. ओहोटीला प्रवाळखडकावर पाण्याची डबकी उरतात. रात्री त्यांतले सगळे जीव श्वास घेत राहतात आणि ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. इतर मासे गुदमरतील तिथे ही मुशी मेंदूचे काम मंदावून तग धरते, आणि वेळ पडली तर उघड्या खडकावरून पलीकडच्या डबक्यात जाते.

कशी जाते ते नीट पाहा. पुढचा उजवा पर टेकतो तेव्हा मागचा डावाही टेकलेला असतो, मग उलट. मधले अंग नागमोडी वळते, पोट जमिनीला लागून. 'सरपटणे' म्हणावे तर सरपटणाऱ्याला चार टेकू नसतात. 'चालणे' म्हटले की अंग जमिनीपासून उचललेले डोळ्यांपुढे येते. चारही टेकू आळीपाळीने टाकत, पोट खाली ठेवून पुढे सरकण्याला मराठीत नेमका शब्द आहे, रांगणे. इंग्रजीत 'चालणे' निवडले म्हणून आपणही तेच निवडायला हवे असे नाही.

दुसरा प्रतिसाद
रांगणे म्हटले की तान्हे मूल आठवते, म्हणजे पुढे कधीतरी ही मुशी उभी राहणार असे वाटते. मी 'चालती'च ठेवीन.

प्रतिसाद
आक्षेप खरा आहे. पण काटेरी तारांखालून रांगत जाणाऱ्या जवानाबद्दल आपण हाच शब्द वापरतो, तिथे मूल आठवत नाही. संदर्भ पुरेसा असला की शब्द जुळवून घेतो. शीर्षकात 'चालती' ठेवा हवे तर, वर्णनात मात्र 'रांगते' लिहा.

विचारणा
आणखी एक. 'मादी अंडी घालून उबवते' असे वाक्य आले आहे. बरोबर आहे का?

प्रतिसाद
'घालते' बरोबर, 'उबवते' चूक. बांबू मुशी चामड्यासारख्या चिवट आवरणातली अंडी घालते आणि निघून जाते. ऊब देण्याचा प्रश्नच येत नाही. 'अंड्यातून पिल्लू बाहेर पडते' एवढेच लिहा. आवरणाला 'अंडकोश' म्हणू नका, त्याचा अर्थ वेगळा होतो. 'अंडकवच' चालेल.

आतल्या जिवाला, पुरेसा वाढल्यावर, मी पिल्लूच म्हणेन. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपकिरी पट्ट्यांच्या बांबू मुशीच्या अंड्यांजवळ भक्षक माशासारखे विद्युतक्षेत्र निर्माण केले, तेव्हा वाढलेल्या पिल्लांनी कवचाच्या आतच कल्ल्यांची हालचाल थांबवली. जो धोका ओळखून श्वास रोखून धरतो त्याला नुसता 'भ्रूण' म्हणणे मला अपुरे वाटते.

विचारणा
मग 'बांबू मुशी', 'रांगती मुशी' आणि 'अंडकवच' पक्के. मसुद्यातली सगळी क्रियापदे आता स्त्रीलिंगी करून घेते.