पदवीनंतर थेट अतिदक्षता विभागात रुजू व्हावे का?

नवी_परिचारिका (प्रश्न)

नर्सिंगची पदवी हातात पडून महिना झाला आहे आणि नोकरीसाठी दोन ठिकाणांहून होकार आला आहे. एक जागा मेडिसिनच्या जनरल वॉर्डातली आहे, दुसरी अतिदक्षता विभागातली. शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी मी सहा आठवडे आयसीयूमध्ये होते. तिथले काम मला मनापासून आवडले. मात्र तेव्हा एकाही रुग्णाची जबाबदारी माझ्या नावावर नव्हती आणि कोणीतरी सिस्टर कायम पाठीशी असे, याची मला जाणीव आहे. आमच्या शिक्षिकांचे मत असे, की आधी दोन वर्षे वॉर्ड करावा, हात बसू द्यावा आणि मगच आयसीयूकडे वळावे. माझ्या एक वर्ष पुढे असलेली मैत्रीण थेट आयसीयूतच लागली. तिच्या मते वॉर्डाच्या सवयी लावून घेऊन त्या पुन्हा मोडण्यापेक्षा सुरुवातीलाच तिथे गेलेले बरे. दोघींचेही पटते, हीच अडचण आहे. कामाच्या ताणाची मला फारशी धास्ती नाही. धास्ती आहे ती याची, की समोर काहीतरी बिघडत असेल आणि ते बिघडते आहे हेच मला कळणार नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

रातपाळी

मी चौदा वर्षे आयसीयूत आहे आणि त्यांतली शेवटची सहा वर्षे नव्याने येणाऱ्या परिचारिकांना शिकवते. ‘आधी वॉर्ड’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या कौशल्याचे नवशिकी ते तज्ज्ञ असे पाच टप्पे मांडले, तेव्हाच हेही नोंदवले होते, की एका विभागात मुरलेली परिचारिका अनोळखी विभागात गेली की पुन्हा नवशिक्यांच्या पायरीवर येऊ शकते. हे मी दर वर्षी पाहते. वॉर्डात दहा वर्षे काढलेल्या सिस्टरही आर्टेरियल लाइनसमोर, म्हणजे सतत रक्तदाब मोजण्यासाठी धमनीत घातलेल्या नळीसमोर, पहिल्या आठवड्यात तितक्याच गोंधळतात. फरक इतकाच, की त्यांना प्रश्न विचारायला संकोच वाटतो आणि नव्या मुलींना वाटत नाही.

आपली भीती मात्र अगदी योग्य जागी आहे, म्हणून एक प्रसंग सांगते. मागे एका नव्या सिस्टरने ड्रेसिंगसाठी रुग्णाची खाट सुमारे वीस सेंटिमीटर वर घेतली. रक्तदाब मोजणारा ट्रान्सड्यूसर सलाइनच्या स्टँडवर होता, तो जागच्या जागीच राहिला. ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर, म्हणजे चौथ्या बरगडीखालची जागा आणि काखेची मध्यरेषा जिथे मिळतात तिथे असावा लागतो. तो खाली राहिला की दर दहा सेंटिमीटरला दाब साधारण साडेसात मिलिमीटरने जास्त दिसतो. मॉनिटरवर मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, ६७ दिसत होते, लक्ष्य ६५ चे होते, आकडा हिरवा होता आणि सगळे आलबेल वाटत होते. प्रत्यक्षात तो दाब ५२ च्या आसपास असणार. सिस्टर हुशार होती, तिने सूत्रेही पाठ केली होती. खाट हलली की ट्रान्सड्यूसरकडे नजर गेलीच पाहिजे, ही सवय तेवढी अंगात भिनायची होती. शेजारच्या खाटेवरून एका अनुभवी सिस्टरने ते पाहिले आणि दोन मिनिटांत निस्तरले.

सगळा मुद्दा त्या शेजारच्या खाटेवरच्या सिस्टरचा आहे. रक्तदाब टिकवून धरणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनची सिरिंज संपत आली असताना नवी सिरिंज दुसऱ्या पंपात आधीच सुरू करून का ठेवायची, हे पुस्तकात एका ओळीत येते. पण त्या औषधाचा परिणाम काही मिनिटांतच ओसरतो आणि नव्या पंपातून औषध खरोखर वाहू लागायला थोडा वेळ जातो, म्हणून त्या मधल्या वेळात दाब कसा कोसळतो, हे कोणाच्या तरी सोबत उभे राहून एकदा पाहावे लागते. त्यामुळे मी आपल्याला एवढेच विचारीन: आयसीयूची जागा देणारे लोक किती आठवडे आपल्याला दुसऱ्या सिस्टरच्या जोडीने ठेवणार आहेत, ती सिस्टर ठरलेली असणार का, आणि त्या काळात आपली गणना पाळीच्या मनुष्यबळात होणार की नाही? तीन महिन्यांहून कमी सांगत असतील, तर मी वॉर्डाची जागा घ्यावी असेच म्हणेन.

पुन्हा_वॉर्ड

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी दुसरी बाजू लिहिते, कारण मी थेट आयसीयूत गेले, आठ महिन्यांत बाहेर पडले आणि वॉर्डात तीन वर्षे काढून परत आयसीयूतच आले.

पहिल्या खेपेला मला जोडीने शिकवणारी सिस्टर चार आठवड्यांत तीनदा बदलली. प्रत्येकीची पद्धत वेगळी, आणि आदल्या दिवशी शाबासकी मिळालेल्या गोष्टीवरून दुसऱ्या दिवशी बोलणी खायची. पाचव्या आठवड्यात पाळीवर माणसे कमी होती म्हणून व्हेंटिलेटरवरचे दोन रुग्ण माझ्याकडे दिले गेले. त्या रात्री काही विपरीत घडले नाही, पण नंतर कित्येक दिवस घरी गेल्यावर झोपेतही मला अलार्म ऐकू येत.

तरीही दोष सगळा त्या व्यवस्थेचाच होता असे मी म्हणणार नाही. वॉर्डात गेल्यावर मला उमगले, की मॉनिटर नसलेल्या माणसाकडे पाहायला मी शिकलेच नव्हते. वॉर्डात श्वासाची गती पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहून मोजावी लागते, आणि रुग्ण ढासळू लागला की बऱ्याचदा रक्तदाबाच्या आधी तीच वाढते. अठराचा श्वास सव्वीसवर गेलेला, माणूस उशीला टेकून बसलेला, दोन शब्दांनंतर थांबणारा, हातापायांना गारवा: हे चित्र मी वॉर्डातच डोळ्यांत साठवले. शुद्धीवर असलेल्या रुग्णाशी आणि खोलीबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांशी बोलायलाही तिथेच शिकले. आयसीयूत परत आले तेव्हा यंत्रे नवी होती, आजारपण ओळखीचे होते. म्हणून आपल्या शिक्षिकांचा सल्ला टाकाऊ समजू नका. दोन वर्षे हा आकडा मात्र काही दगडावरची रेघ नाही.

ब्रदर_अंबूबॅग

थोडे विषयाच्या कडेने, पण उपयोगी पडेल. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या मानाने यंत्रे अपुरी पडली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छिद्र पाडून रबरी पिशवी हाताने दाबत रुग्णांना श्वास देण्याचा मार्ग धरला. आज आपण ज्याला आयसीयू म्हणतो त्याची एक सुरुवात तिथे झाली. ती पिशवी पाळ्या लावून रात्रंदिवस दाबणारे शेकडो हात वैद्यकीय विद्यार्थ्यांचे होते, म्हणजे निव्वळ नवख्यांचे. पण प्रत्येकासमोर एकच रुग्ण होता, काम ठरलेले होते आणि हाक मारली तर येणारा जाणकार जवळ होता.

एवढ्या तीन गोष्टी मिळत असतील तर नवखेपणाला घाबरू नये, असे माझे मत आहे. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: व्हेंटिलेटर ओरडला की आधी रुग्णाकडे पाहायचे, मग नळीकडे, पडद्याकडे सर्वांत शेवटी. जास्त दाबाचा अलार्म असेल तर रुग्ण नळी चावतो आहे का, नळी कुठे दुमडली आहे का, कफ साचला आहे का, दोन्ही बाजूंनी छाती सारखी उचलते आहे का, हे पाहा. काहीच कळेनासे झाले आणि ऑक्सिजन उतरू लागला, तर मदतीला हाक मारत रुग्णाला यंत्रापासून सोडवून ऑक्सिजन लावलेल्या अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या पिशवीने, श्वास द्यायचा. पाळी घेताना ती बॅग खाटेशी आहे आणि मास्कसह आहे, हे स्वतः हात लावून तपासत जा. अलार्म नुसता गप्प करणारे बोट मी पुष्कळांचे पाहिले आहे, कधीकाळी माझेही होते.

नवी_परिचारिका

सर्वांचे मनापासून आभार. ‘रातपाळी’ ताईंनी सुचवलेले प्रश्न मी आज इन-चार्ज सिस्टरांना फोन करून विचारले. बारा आठवडे जोडीने काम, त्यासाठी दोनच सिस्टर ठरलेल्या, आठव्या आठवड्यापासून त्यांच्यासोबतच रात्रपाळी, आणि ते बारा आठवडे माझी गणना मनुष्यबळात नाही, असे उत्तर मिळाले. मी होकार कळवण्याच्या विचारात आहे. रुजू व्हायला तीन आठवडे आहेत. तोवर काय वाचू?

रातपाळी

उत्तर चांगले आहे. फक्त ‘मनुष्यबळात गणना नाही’ हे नियुक्तीपत्रात किंवा निदान ईमेलवर लिहून मागा. पाळीवर दोन माणसे कमी आली की तोंडी शब्द सर्वांत आधी विसरला जातो.

वाचनाचे म्हणाल तर व्हेंटिलेटरचे जाडजूड पुस्तक आत्ता उघडू नका. रक्तवायूंच्या तपासणीत पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ आणि बायकार्बोनेट २२ ते २६ हे आकडे झोपेतही आठवले पाहिजेत. वरच्या दाबात खालच्या दाबाची दुप्पट मिळवून तिनाने भागले की मीन प्रेशर साधारण कळते, म्हणजे ९०/६० ला ७०. हे तोंडी करायचा सराव ठेवा. नॉरअ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅड्रेनलिन, फेंटानिल, मिडाझोलाम आणि इन्सुलिन यांविषयी नीट वाचा, आणि पोटॅशियम क्लोराइड शिरेतून कधीही तसेच, न विरळता ढकलून देत नाहीत, हे मनावर कोरून ठेवा.

याहून जास्त वेळ डॉक्टरांना रात्री फोन कसा करायचा याच्या सरावाला द्या, कारण नव्या मुली तिथेच अडखळतात. ‘सर, जरा बरे वाटत नाहीये पेशंटला’ असे सांगितले तर पलीकडचा माणूस कुशीवर वळतो. ‘चार नंबरच्या रुग्णाचे मीन प्रेशर अर्ध्या तासात ७२ वरून ५८ वर आले आहे, ट्रान्सड्यूसरची पातळी तपासली आहे, न्यूमोनियाचे रुग्ण, कालपासून व्हेंटिलेटरवर, दोन तासांत लघवी मिळून ३० मिलिलिटर झाली आहे, वजन ७० किलो, मला हे सेप्सिसकडे झुकते आहे असे वाटते, तुम्ही आत्ता येऊन पाहावे,’ असे एका दमात सांगता आले पाहिजे. आरशासमोर उभे राहून म्हणा. ‘मला वाटते’ हे शब्द पहिल्या दहा वेळा घशात अडकतील. माझ्या हाताखालच्या प्रत्येकीच्या अडकतात, आणि साधारण तिसऱ्या महिन्यात सुटतात.