पद्मिनी आणि सोलापूर

जुनी गाडी दिसली की लोक 'विकायची का?' एवढंच विचारतात, हे मला पटत नाही. माझी प्रीमियर पद्मिनी नवी पेठेत उभी केली की साठी ओलांडलेलं कुणीतरी हमखास जवळ येतं, स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा हलवून बघतं आणि वडिलांच्या फियाटमधून तुळजापूरला गेल्याची आठवण निघते. किंमत कुणीच काढत नाही.

तरुण पोरांना मी आवर्जून सांगतो, कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली इथंच, आपल्या सोलापुरात जन्मले. 'वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, तेच?' असं विचारत एकानं परवा बॉनेटवर अलगद हात ठेवला. फार बरं वाटलं.