रॅगलन बाहीचा क्रोशे स्वेटर: बाहीची वाढ थांबवून अंगाची वाढ चालू कशी ठेवावी?

नमस्कार. नाशिकच्या थंडीसाठी सहा वर्षांच्या भाचीला मी गळ्यापासून खाली विणत जाण्याचा, बिनजोडाचा क्रोशे स्वेटर करते आहे. बाही काखेपासून थेट गळ्यापर्यंत तिरकी जात असल्यामुळे खांद्यावर वेगळा जोड येत नाही आणि मुलांना हात मोकळा हलवता येतो, म्हणून मी मुद्दाम रॅगलन निवडले. मात्र वाढीच्या एका सूचनेपाशी दोनदा अडकले आहे आणि दोन्ही वेळा विणलेले उसवावे लागले आहे.

नमुना ब्रिटिश पद्धतीचा आहे. त्यातला ‘ट्रेबल’ म्हणजे आपला सुईवर एक वेढा घेऊन विणलेला खांब, ज्याला अमेरिकी नमुन्यांत ‘डबल क्रोशे’ म्हणतात, हे मी आधीच पडताळून घेतले आहे. ४ मिमीच्या सुईवर चौकोनी तुकडा विणून पाहिला, तर १० सेंमीमध्ये १६ खांब आणि ९ फेऱ्या बसतात, म्हणजे मापही नमुन्याप्रमाणेच आहे. सुरुवातीला पुढचा भाग २०, पाठ २० आणि दोन्ही बाह्या प्रत्येकी ८ असे ५६ खांब असून चार कोपऱ्यांत एकेक साखळी आहे. वाढीच्या फेरीत त्या साखळीच्या घरात एक खांब, एक साखळी, एक खांब घालायचा.

अडचण पुढे आहे. पहिल्या ८ फेऱ्यांत सगळ्या कोपऱ्यांवर वाढ करावी आणि नंतरच्या ६ फेऱ्यांत ‘अंगाची वाढ दर फेरीला, बाहीची वाढ एका फेरीआड’ करावी, असे नमुना सांगतो. शेवटी पुढे व पाठीला ४८ आणि प्रत्येक बाहीला ३० खांब यायला हवेत. पहिल्या खेपेस मी चौदाही फेऱ्यांत सारखीच वाढ केली, तेव्हा अंग ४८ आले, पण बाही ३६ झाली आणि तुकडा टेबलावर पसरल्यावर काखेपाशी कापडाची घडी पडू लागली. दुसऱ्या खेपेस एका फेरीआड कोपऱ्यातली वाढ पूर्ण सोडली, तेव्हा बाही बरोबर ३० झाली, परंतु अंग ४२ वरच थांबले. काखेच्या प्रत्येकी ६ साखळ्या धरूनही छातीचा घेर ६० सेंमीच होतो आणि भाचीची छाती ६१ सेंमी आहे. कोपऱ्यात घर एकच असताना वाढ फक्त एका बाजूला कशी करायची, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

उत्तर:

तुमचे दोन्ही वेळचे आकडे पाहता हात चांगला बसलेला आहे. फक्त कोपऱ्याकडे तुम्ही एकच वस्तू म्हणून पाहता आहात. साखळीच्या घरात तुम्ही घालता ते दोन खांब एकमेकांचे जोडीदार नाहीत. साखळीच्या एका अंगाचा खांब पाठीच्या (किंवा पुढच्या भागाच्या) मालकीचा आणि दुसऱ्या अंगाचा बाहीच्या मालकीचा. म्हणून बाहीची वाढ थांबवायची असेल, तेव्हा फक्त बाहीकडचा खांब गाळायचा.

नवव्या फेरीत पाठ विणून कोपऱ्यापाशी आलात की घरात एक खांब घाला, एक साखळी घ्या आणि त्या घरात पुन्हा न जाता थेट बाहीच्या पहिल्या खांबावर सुई घाला. बाही संपल्यावर क्रम उलटतो: बाहीचा शेवटचा खांब, मग एक साखळी, आणि त्यानंतर घरात खांब, जो पुढच्या भागात मोजला जातो. हा उलटा क्रम विसरला तर वाढ चुकून बाहीच्या पदरात पडते, म्हणून चारही साखळ्यांत रंगीत दोरा अडकवून ठेवा आणि तो दर फेरीला वर सरकवा.

आठव्या फेरीअखेर अंग ३६ आणि बाही २४ असायला हवी. नवव्या फेरीनंतर ३८ आणि २४, दहाव्या फेरीत बाहीलाही वाढ देऊन ४० आणि २६, आणि याच रीतीने चौदाव्या फेरीला ४८ आणि ३०. सगळे खांब एकत्र मोजत असाल, तर फेरीला एकदा ४ आणि एकदा ८ खांब वाढतील.

नमुनाकाराने असे का केले, तेही मापातच दिसते. ३६ खांबांच्या बाहीत काखेचे ६ मिळवले की ४२ होतात, म्हणजे दंडाला २६ सेंमीपेक्षा जास्त घेर, जो या वयाच्या मुलीला ढगळ होतो. ३० आणि ६ मिळून मात्र साडेबावीस सेंमी येतात आणि छाती साडेसदुसष्ट सेंमी होते, म्हणजे आतून दुसरा सदरा घालायलाही जागा राहते. मुलांच्या मापात दंड फारसा वाढत नाही आणि छाती वाढते, त्यामुळे दोन्हींची वाढ सारखी ठेवणारे नमुने मला स्वतःला पसंत नाहीत.

आणखी एक सुचवते. काम एकाच बाजूने गोल विणत असाल, तर फेरीचा जोड हळूहळू तिरका सरकतो आणि पाठीवर उठून दिसतो. नमुना अडवत नसेल, तर प्रत्येक फेरीअखेर काम उलटवून विणा, म्हणजे जोड सरळ राहील.

मूळ प्रश्नकर्ती:

मनापासून आभार. काल रात्री नववी फेरी या रीतीने विणली. सगळे मिळून १२४ खांब आले, आणि चारही कोपऱ्यांतले दोरे पाहताना साखळी बाहीच्या बाजूला किंचित झुकलेली दिसते आहे. ती अशीच झुकायला हवी का?

उत्तर:

हो, बाहीकडे खांब पडला नाही म्हणून ती तिकडे झुकते. दहाव्या फेरीत दोन्ही बाजूंना खांब आले की पुन्हा मधोमध येईल. बाही वेगळी काढल्यावर काखेच्या साखळीच्या दोन्ही टोकांना लहानसे भोक राहते. तिथे शेजारच्या खांबाच्या दांड्यातून एक जादा खांब घ्या आणि तो पुढच्या खांबाबरोबर एकत्र मिटवा, म्हणजे भोकही बुजेल आणि बाहीचे ३६ खांबही कायम राहतील.